सूत्रं पाठ आहेत पण उदाहरण आलं की गाडी अडते: परिमिती, क्षेत्रफळ आणि घनफळ नीट कसं समजून घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी आठवीत आहे, सगळी सूत्रं तिला तोंडपाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की कुठलं लावायचं तेच कळत नाही, आणि शंकूच्या घनफळात ते एक तृतीयांश कुठून आलं असं तिने विचारलं तेव्हा तुम्हालाही सांगता आलं नाही. मी बरीच वर्षं गणित शिकवतोय आणि त्याआधी काही वर्षं बांधकामाच्या साइटवर मोजमापं घ्यायचं काम केलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. उत्तर लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा कारण शंकूचं उत्तर शेवटी आहे आणि ते मधलं सगळं वाचल्याशिवाय पटणार नाही.

सूत्रं वीस-पंचवीस दिसतात पण मोजायच्या गोष्टी तीनच आहेत. कडेकडेने दोरी लावली तर किती लागेल ती परिमिती. आत एक सेंटीमीटर बाजूचे चौरस किती बसतील ते क्षेत्रफळ. आणि एक सेंटीमीटरचे ठोकळे किती मावतील ते घनफळ. म्हणून एकक अनुक्रमे सेमी, चौसेमी आणि घसेमी. तिला सांगा, उदाहरण वाचल्यावर पहिला प्रश्न "सूत्र कुठलं" हा विचारायचाच नाही, आधी ठरवायचं की इथे दोरी मोजतोय, फरशी मोजतोय की पाणी. कुंपण, फोटोची चौकट, कापडाची किनार ही दोरी. रंग, फरशी, पत्रा, कागद ही फरशी. पाणी, माती, काँक्रीट हे पाणी. फसवणारी उदाहरणं अशी असतात की टाकीला आतून रंग द्यायचाय, मुलं टाकी बघतात आणि सरळ घनफळ काढतात, पण रंग पृष्ठभागावर लागतो म्हणजे ती फरशी झाली. उलट भिंतीला रंग दिला तर फरशी पण तीच भिंत बांधायला विटा किती लागतील विचारलं तर ते घनफळ. वस्तू तीच, प्रश्न वेगळा. हे एवढं एक जरी सवयीचं झालं ना तरी निम्म्या चुका जातात, मी वर्गात दरवर्षी बघतो.

याचाच एक फायदा म्हणजे सूत्र विसरलं तर एककावरून ओळखता येतं. २ × पाय × त्रिज्या यात लांबी एकदाच आहे, म्हणजे हा परीघच असणार. पाय × त्रिज्या × त्रिज्या यात लांबी दोनदा, म्हणजे क्षेत्रफळ. लांबी तीनदा आली की घनफळ. कुठल्याही सूत्राला ही परीक्षा लावून बघा, चुकत नाही. आणि आकडे सारखे आले म्हणून गोष्ट सारखी होत नाही हेही इथेच सांगून ठेवा, ४ सेमी बाजूच्या चौरसाची परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६, मुलं लगेच म्हणतात बघा सर दोन्ही सारखंच, पण एक १६ सेमी आहे आणि दुसरं १६ चौसेमी, बाजू मिलिमीटरमध्ये लिहिली की एकाचे १६० होतात आणि दुसऱ्याचे १६०० आणि सारखेपणा तिथेच संपतो.

आता परिमिती आणि क्षेत्रफळ यांचं एकमेकांशी नातं काय, तर लोकांना वाटतं तेवढं नाही. घरी ४४ सेमी लांबीची दोरी घ्या, टोकं बांधा आणि तिला टेबलावर वेगवेगळे आयत करायला लावा. २० बाय २ केला तर क्षेत्रफळ ४० चौसेमी, १५ बाय ७ केला तर १०५, १२ बाय १० ला १२०, ११ चा चौरस केला तर १२१, आणि तीच दोरी गोल केली (त्रिज्या ७ येते) तर १५४. दोरी एका सेंटीमीटरनेही वाढली नाही आणि आतली जागा ४० वरून १५४ वर गेली. हे एकदा हाताने केलेलं मूल परत कधी परिमितीवरून क्षेत्रफळाचा अंदाज बांधत नाही.

जोडलेल्या आकारांमध्ये पण हाच घोळ होतो. ५ सेमी बाजूचे दोन चौरस शेजारी चिकटवले तर क्षेत्रफळ २५ + २५ = ५० बरोबर, पण परिमिती २० + २० = ४० नाही, ३० येते, कारण चिकटलेल्या दोन्ही कडा आत गेल्या आणि आतल्या कडेला कुंपण लागत नाही. क्षेत्रफळांची बेरीज होते, परिमितीची होत नाही. आणि एल आकाराच्या खोलीत तर उलटी गंमत आहे, ६ बाय ५ मीटरच्या आयताचा एक कोपरा ३ बाय २ चा कापून टाकला तर क्षेत्रफळ ३० चं २४ होतं पण परिमिती २२ होती ती २२ च राहते. कारण कापलेल्या दोन कडा फक्त आत सरकल्या, लांबी तेवढीच. मुलांना हे खोटं वाटतं, मोजून बघू द्या.

बागेभोवतीच्या रस्त्याचं उदाहरण परीक्षेत हमखास असतं म्हणून सांगतो. बाग २० बाय १५, बाहेरून २ मीटर रुंद रस्ता. रस्ता दोन्ही बाजूंना आहे म्हणून बाहेरचा आयत २४ बाय १९, ४५६ वजा ३०० म्हणजे १५६ चौमी. दोन एकदाच मिळवून २२ बाय १७ घेतला की ७४ येतात आणि उत्तर निम्म्याहून कमी होतं. आकृती काढा, पाच सेकंद लागतात.

बरं, आता सूत्रं. क्षेत्रफळाचं खरं सूत्र एकच, लांबी × रुंदी, बाकी सगळं कापून सरकवणं आहे. समांतरभुज चौकोनाचा एका बाजूचा तिरका त्रिकोण कापा आणि दुसऱ्या बाजूला नेऊन लावा, आयत झाला, म्हणून पाया × उंची. इथे उंची म्हणजे सरळ उभी उंची, तिरकी बाजू नाही, ही चूक मी मोठ्या माणसांना करताना पाहिलंय. कुठलाही त्रिकोण घ्या, त्याचीच दुसरी प्रत उलटी करून चिकटवली की समांतरभुज चौकोन होतो, म्हणून त्रिकोण त्याच्या निम्मा. समलंब चौकोनाच्या दोन प्रती तशाच चिकटवल्या तर पाया होतो दोन्ही समांतर बाजूंची बेरीज, परत निम्मं करा. झालं. कागद आणि कात्री घेऊन एका संध्याकाळी होण्यासारखं आहे आणि मग ते १/२ कुठे आहे कुठे नाही हे लक्षात ठेवावंच लागत नाही.

वाकड्यातिकड्या चौकोनाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय कारण इथे खऱ्या आयुष्यात नुकसान होतं. जमिनीच्या तुकड्याच्या चार बाजू मोजतात, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करतात. ही पद्धत फार जुनी आहे आणि फक्त आयतालाच बरोबर उत्तर देते, बाकी प्रत्येक वेळी जास्तच क्षेत्रफळ दाखवते. ब्रह्मगुप्ताने सन ६२८ मध्येच या उत्तराला "स्थूल" म्हटलंय आणि त्याच्या शेजारी "सूक्ष्म" उत्तर वर्गमुळाने कसं काढायचं तेही दिलंय. ते चौकोनाचं सूत्र चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तरच लागू पडतं, त्यामुळे जमिनीवर आपण थेट वापरू शकत नाही, पण त्यातली एक बाजू शून्य केली की त्रिकोणाचं सूत्र उरतं आणि ते कुठल्याही त्रिकोणाला चालतं. तीन बाजूंची बेरीज करा, निम्मी करा, त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वजा करून येणारे तीन आकडे आणि ते निम्मं असा चौघांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. बाजू १३, १४, १५ असतील तर अर्धी परिमिती २१, वजाबाक्या ८, ७, ६, गुणाकार ७०५६, वर्गमूळ ८४.

मुख्य मुद्दा हा की नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरतच नाही. चार पट्ट्या स्क्रूने जोडून चौकोन करा आणि दाबा, तो चपटा होत जातो, बाजू त्याच राहतात आणि क्षेत्रफळ कमी कमी होत जातं. १० मीटर बाजूचा चौरस दाबून उंची ६ मीटर झाली तर क्षेत्रफळ १०० चं ६० झालं, पण सरासरीची पद्धत अजूनही १०० च सांगेल. तीन पट्ट्यांचा त्रिकोण दाबून बघा, हलणार नाही. म्हणून पाचवं माप घ्यायचं, कर्ण. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. समजा बाजू ओळीने १३, १४, १२, ९ मीटर आहेत आणि कर्ण १५ आला, मग एक त्रिकोण १३-१४-१५ चा, ८४ चौमी, दुसरा ९-१२-१५ चा, काटकोनी आहे म्हणून ५४, एकूण १३८. सरासरीने १२.५ × ११.५ = १४३.७५ आलं असतं, म्हणजे पावणेसहा चौरस मीटर जमीन जी तिथे नाहीच. कृपा करून कर्ण मोजा, मी हे प्रत्येकाला सांगतो.

वर्तुळाकडे येऊ. परीघ भागिले व्यास हे प्रत्येक वर्तुळाला सारखंच येतं, त्याला पाय म्हणायचं, ३.१४१५९... असं न संपणारं. आर्यभटाने सन ४९९ मध्ये २०००० व्यासाला ६२८३२ परीघ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्याने स्वतःच त्याला "आसन्न" म्हटलं, जवळपासचं. २२/७ हे त्याहून ढोबळ, ३.१४२८ च्या आसपास, पण खऱ्या किमतीशी फरक टक्क्याच्या पंचविसाव्या भागाइतका, रोजच्या कामाला भरपूर. त्रिज्या ७ च्या पाढ्यात असेल तर २२/७ घ्या, नाहीतर ३.१४, आणि उदाहरणात दिलं असेल तेच घ्या.

क्षेत्रफळासाठी कागदाच्या वर्तुळाच्या १६ पाकळ्या कापा आणि एक टोक वर एक टोक खाली अशा आलटूनपालटून शेजारी लावा. जवळपास समांतरभुज चौकोन दिसतो, पाकळ्या जितक्या बारीक तितका तो सरळ. त्याची लांबी अर्धा परीघ (अर्ध्या पाकळ्यांच्या कडा वर, अर्ध्यांच्या खाली), उंची त्रिज्या. अर्धा परीघ गुणिले त्रिज्या, म्हणजे पाय × त्रिज्या × त्रिज्या. आर्यभटाने नियम दिलाय तोही असाच, अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास.

प्रत्यक्ष मोजताना एक लक्षात ठेवा, खांबाचा किंवा झाडाच्या बुंध्याचा व्यास टेप आडवी धरून मोजू नका, मध्य सापडत नाही आणि माप कमी येतं. टेप गुंडाळून परीघ घ्या. परीघ ८८ सेमी आला तर व्यास २८, त्रिज्या १४, छेदाचं क्षेत्रफळ ६१६ चौसेमी. आणि त्रिज्येत एक टक्का चूक झाली तर क्षेत्रफळात दोन टक्के होते आणि गोळ्याच्या घनफळात तीन, म्हणून माप घेतानाच काळजी घ्यायची, नंतर कॅल्क्युलेटरवर सहा दशांश स्थळं लिहून काही उपयोग नाही.

एककांबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पहिली, १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ फूट नाही, १०.५ आहे कारण फुटात १२ इंच असतात. १० फूट ६ इंच बाय ८ फूट ९ इंच म्हणजे १०.५ × ८.७५ = ९१.८७५ चौरस फूट, हेच १०.६ × ८.९ केलं तर ९४.३४ येतात, अडीच फूट उगाच वाढले. दुसरी, एक मीटर म्हणजे १०० सेमी पण एक चौरस मीटर म्हणजे १०० चौसेमी नाही, १०० × १०० = १०००० चौसेमी, आणि एक घनमीटर म्हणजे दहा लाख घसेमी. लिटर म्हणजे १० सेमीच्या घनाइतकी जागा, १००० घसेमी, म्हणून घनमीटरला १००० लिटर.

आता घनफळ. ज्या आकाराचा वरपासून खालपर्यंत छेद सारखाच आहे (इष्टिकाचिती, घन, वृत्तचिती, त्रिकोणी चिती काहीही) त्याचं घनफळ पायाचं क्षेत्रफळ × उंची. पायावर एक सेंटीमीटर जाडीचा एक थर, असे उंचीइतके थर. बस, चार सूत्रांचं एक झालं. टाकीचं माप मात्र आतून घ्यायचं. साइटवर सुरुवातीच्या दिवसांत मी एका टाकीचं माप बाहेरून घेतलं होतं, बाहेरून १.२ × १ × १ मीटर म्हणून १२०० लिटर लिहून दिले, भिंती आणि तळ १० सेमी जाडीचे होते, वर उघडी, म्हणजे आतून १ × ०.८ × ०.९, ७२० लिटर. पाणी पुरलं नाही तेव्हा कळलं आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ म्हणजे डब्यावरचं लेबल सोडवून सपाट केलं की जो आयत होतो तो, लांबी परीघाइतकी आणि रुंदी उंचीइतकी. वर-खाली झाकणं असतील तर दोन वर्तुळं मिळवा, पाइप असेल तर नको, सूत्रापेक्षा वस्तू बघा. इथे एक प्रयोग करा, ए-फोर कागद २९.७ बाय २१ सेमीचा असतो, तो एकदा आडवा आणि एकदा उभा गुंडाळून दोन नळकांडी करा. कागद तोच म्हणून वक्रपृष्ठफळ तेच, पण बुटक्या नळकांड्यात सुमारे १४७४ घसेमी मावतं आणि उंचात सुमारे १०४२. त्रिज्या दोनदा गुणली जाते आणि उंची एकदाच, म्हणून जाडीला जास्त किंमत. याच कारणाने आतून दोन इंची पाइपाचा छेद एक इंचीच्या दुप्पट नसतो, चौपट असतो. आणि घनाची बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ ४ पट, घनफळ ८ पट.

आता तिचा प्रश्न, एक तृतीयांश. एक घन डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या अगदी मध्यबिंदूपासून आठही कोपऱ्यांना रेषा काढा. घनाचे सहा सारखे पिरॅमिड होतात, प्रत्येक पृष्ठभागावर एक, सगळ्यांची टोकं मध्यात. म्हणजे प्रत्येकाचं घनफळ घनाच्या एक षष्ठांश. पण या पिरॅमिडची उंची किती, घनाच्या बाजूच्या निम्मी. तोच पाया आणि तीच निम्मी उंची घेऊन सरळ ठोकळा केला तर तो घनाच्या निम्मा होतो. निम्म्यात एक षष्ठांश किती वेळा जातो, तीन वेळा. आलं एक तृतीयांश, कसलंही पाठांतर न करता. उंची कमीजास्त केली तर प्रत्येक थराची जाडी त्याच प्रमाणात बदलते, ठोकळ्याचीही आणि पिरॅमिडचीही, म्हणून प्रमाण तेच राहतं.

पण शंकूचा पाया गोल असतो त्याचं काय? तेवढ्याच क्षेत्रफळाच्या पायाचा आणि तेवढ्याच उंचीचा पिरॅमिड शंकूशेजारी ठेवा आणि दोघांना एकाच पातळीवर आडवं कापा. टोकापासून अर्ध्या उंचीवर कापलं तर दोघांचे छेद पायाच्या एक चतुर्थांश, टोकापासून एक तृतीयांश अंतरावर कापलं तर दोघांचेही एक नवमांश. प्रत्येक थर सारखा, मग सगळ्या थरांची बेरीजही सारखीच. म्हणून शंकूलाही तेच. त्रिज्या ७, उंची २४ असेल तर १/३ × १५४ × २४ = १२३२ घसेमी. वक्रपृष्ठफळाला मात्र उभी उंची चालत नाही, तिरकी लागते, ४९ + ५७६ = ६२५, वर्गमूळ २५, आणि २२/७ × ७ × २५ = ५५० चौसेमी. कागदी शंकू सोडवून सपाट केला की २५ त्रिज्येची वर्तुळपाकळी दिसते, ते २५ तिथूनच येतात.

बादलीच्या आकाराला, वर रुंद खाली अरुंद, घाईत असाल तर दोन त्रिज्यांची सरासरी घेऊन वृत्तचिती समजा, उत्तर थोडं कमी येतं. वर १४, खाली ७, उंची ३० असेल तर खरं १०७८० घसेमी, सरासरीने १०३९५. अंदाजाला ठीक, परीक्षेत नाही.

आणि गोळा राहिला. आर्किमिडीजने दाखवलं की गोळ्याचं पृष्ठफळ त्याला घट्ट बसणाऱ्या वृत्तचितीच्या वक्रपृष्ठफळाइतकंच असतं, म्हणजे परीघ × व्यास, म्हणजे त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या चौपट. भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये याला चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिलीय आणि तुमच्या मुलीला ती नक्की सांगा, कारण घनफळ त्या जाळ्यातूनच निघतं. जाळ्याच्या प्रत्येक बारीक चौकटीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक सुळक्यासारखा पिरॅमिड, सगळ्यांची उंची त्रिज्येइतकी, सगळ्यांचे पाये मिळून पूर्ण पृष्ठफळ. म्हणून घनफळ = १/३ × पृष्ठफळ × त्रिज्या, तेच एक तृतीयांश परत आलं. भास्कराचार्यांनी नियम दिलाय तो पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा असा, आता व्यास म्हणजे दोन त्रिज्या, त्याचा सहावा भाग म्हणजे त्रिज्येचा तिसरा भागच. त्रिज्या ७ घेऊन तिला दोन्हीकडून करायला सांगा, पृष्ठफळ ६१६, त्याला १४ ने गुणून ६ ने भागलं की १४३७.३३ घसेमी, आणि पुस्तकातल्या ४/३ वाल्या सूत्राने केलं तरी तेच येतं.